एस्थरबाईंचा पाचवा प्रश्न

एस्थरबाई रणपिसे यांना एकाच प्रश्नाने तीन वेळा नापास केलं. बाकीचे सगळे पेपर पहिल्याच वर्षी निघाले होते. राहिला होता तो मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, इतिहासाचा पेपर, आणि त्यातला पाचवा प्रश्न. तो दरवर्षी तसाच यायचा, शब्दसुद्धा बदलायचे नाहीत. ऑगस्टीन आणि पेलागियस यांच्यातला वाद थोडक्यात सांगा, आणि माणसाचं विश्वासात शेवटपर्यंत टिकणं हे कोणाचं कार्य आहे ते लिहा. गुण वीस. या एका प्रश्नात निम्मे गुण मिळाले नाहीत तर अख्खा पेपर नापास, अशी परीक्षा समितीची अट होती.

बाई शिरूरच्या. जन्म मिशन कंपाउंडमधला. त्यांची आई दयाबाई तिथल्या बोर्डिंगमध्ये मुलींची देखरेख करायची. एस्थरबाई नर्स झाल्या आणि पस्तीस वर्षं शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर राहिल्या. न्हावऱ्यापासून भांडगावपर्यंत कुठल्याही गावात तिशीच्या माणसाला विचारा, त्याच्या घरात कुणीतरी सांगेल की याची नाळ नर्सबाईंनी कापली. माझीही त्यांनीच कापली.

निवृत्त झाल्यावर त्यांना ले-प्रीचर व्हायचं होतं. ले-प्रीचर म्हणजे पाळक, म्हणजे पाद्री, नव्हे. पगार नाही, झगा नाही. पाळक नसेल त्या रविवारी पुलपिटवर उभं राहून संदेश देण्याचा परवाना, एवढंच. हा परवाना त्यांना न्हावऱ्यासाठी हवा होता. न्हावऱ्यात चौदा घरांची मंडळी आहे, उसाच्या कडेला पत्र्याची एक खोली आहे. शिरूरचे पाळक महिन्यातून एकदा तिथे जातात. उरलेल्या रविवारी लोक गीतं म्हणतात, शास्त्राचा एक अध्याय वाचतात आणि घरी जातात. वाचलेल्याचा अर्थ सांगायला कुणी नाही, आणि परवाना नसताना सांगितलेलं चालत नाही. उपकेंद्रात असताना बाई या घरांमध्ये वावरल्या होत्या. लोकांनीच त्यांना म्हटलं होतं, तुम्ही परीक्षा द्या, आम्ही वाट बघतो.

अडचण हाताची होती. नोकरीच्या शेवटच्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. त्यामुळे परीक्षेला लेखनिक घ्यावा लागला. समितीचा नियम असा की लेखनिक मंडळीचा सभासद नसावा, म्हणजे त्याला उत्तरं माहीत नसतील. पेपर संपल्यावर त्याने सही करायची की उमेदवाराने सांगितलं तेच मी लिहिलं आहे. बाईंनी समोरच्या घरातल्या जयसिंग आप्पांना विचारलं. आप्पा माझे थोरले चुलते. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर, अक्षर छापल्यासारखं, आणि ख्रिस्ती धर्माबद्दल एवढीच माहिती की नाताळला बाईंकडून करंज्या येतात.

पहिल्या वर्षी ते बाईंच्या ओट्यावर सरावाला बसले तेव्हा माझी सुट्टी होती. मी रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीत आहे, सुट्टी मधल्याच कुठल्यातरी वारी येते. मी शेजारी बसून ऐकत होतो.

"हे दोघं कुठल्या गावचे?" आप्पांनी विचारलं.

"पेलागियस ब्रिटनचा, पण राहायचा रोमला. ऑगस्टीन आफ्रिकेतला बिशप. सोळाशे वर्षं झाली."

"सोळाशे? आन् अजून निकाल न्हाई?"

"निकाल लागलाय, आप्पा. पेलागियस हरला. तुम्ही लिहा."

"आधी मला समजू द्या की. न समजता लिव्हलं की माझं अक्षर बिघडतं."

मग बाईंनी समजावलं. रोममधले ख्रिस्ती लोक ऐषारामात राहायचे आणि वर म्हणायचे, आम्ही काय करणार, माणूस दुबळाच. पेलागियसला याची चीड आली. तो म्हणाला, देवाने आज्ञा दिल्या त्या पाळता येण्यासारख्या आहेत म्हणूनच दिल्या. इच्छा तुझी आहे, ठरव आणि चांगलं वाग. ऑगस्टीन म्हणाला, तसं नाही. माणसाची इच्छाच मोडलेली आहे. चांगलं वागावंसं वाटणं हेसुद्धा आधी देवाने दिलं तर वाटतं, आणि त्यालाच कृपा म्हणतात. ती कमवता येत नाही, फुकट मिळते. आणि मरेपर्यंत विश्वासात टिकून राहणं, तेही देवाचं दान. ते सगळ्यांना मिळत नाही, आणि एकाला का आणि दुसऱ्याला का नाही, हे देवालाच माहीत.

आप्पांनी पेन खाली ठेवलं.

"मग डेपो मॅनेजरनं मेमो कशापायी द्यायचा? कंडक्टर वेळेवर आला तर देवानं आणला, न्हाई आला तर देवानं आणला न्हाई. मेमो देवाच्या नावानं काढा."

बाई मोठ्याने हसल्या. "आप्पा, हेच आफ्रिकेतल्या एका मठातल्या साधूंनी विचारलं होतं. सगळं कृपेनेच होतं तर आमच्या मुख्याने आम्हाला रागावू नये, नुसती आमच्यासाठी प्रार्थना करावी."

"बघा! शाणी माणसं. मग?"

"ऑगस्टीनने कळवलं, रागावणं हेसुद्धा कृपेचंच एक साधन आहे."

"म्हंजी मेमो बी देवाचाच. सुटकाच न्हाई का कुठनं?"

"फ्रान्सच्या दक्षिणेतल्या काही साधूंनाही ते पटलं नाही. ते म्हणाले, पहिलं पाऊल माणसाचं असू शकतं. माणूस हात पुढे करतो, मग देव तो धरतो. आणि धरून राहणं दोघांचं."

"ही माणसं मला पटली. ह्यांचं काय झालं?"

"तेही हरले," बाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या.

समितीने छापलेली एक मार्गदर्शिका होती, पिवळ्या कव्हरची. सगळे तिला गाईड म्हणत. तीत पाचव्या प्रश्नाचं उत्तर दीड पानात दिलं होतं आणि शेवटचं वाक्य असं होतं की, जो शेवटी टिकला नाही, त्याला टिकण्याचे दान मिळालेच नव्हते असे समजावे. बाई त्या वाक्यापर्यंत यायच्या आणि तिथे अडायच्या.

त्याचं कारण डेव्हिड. त्यांचे यजमान. दौंडच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. उभा जन्म देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गेला. पेटी वाजवायचे, लग्नं-मयतीला पहिले हजर. मग जबड्याचा कॅन्सर झाला. शेवटचे तीन महिने त्यांनी प्रार्थना थांबवली. पाळक घरी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेऊन आले तर भिंतीकडे तोंड केलं. बोलता येत होतं तोवर दोनदा म्हणाले, "मला नको." का नको, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. तसेच गेले.

गाईडप्रमाणे हिशेब सरळ होता. टिकले नाहीत, म्हणजे दान नव्हतं. बाईंना ते लिहायचं नव्हतं.

"अहो, पेपरात डेव्हिडरावाचं नाव कुठं हाय?" आप्पा म्हणायचे. "सोळाशे वर्सांमागच्या माणसांबद्दल लिव्हायचंय. लिव्हा आन् मोकळं व्हा."

"नाव नसलं म्हणून काय झालं? मी सांगणार, तुम्ही लिहिणार, आणि तो तिथेच असणार."

त्यांनी पहिल्या वर्षी जे सांगितलं ते आप्पांनी शब्दन् शब्द लिहिलं. दोन्ही बाजू नीट मांडल्या होत्या. शेवटी बाईंचं वाक्य होतं. कृपेशिवाय काही होत नाही हे मी बाळंतपणाच्या खोलीत पस्तीस वर्षं पाहिलं आहे. पण पेशंट जेवण नको म्हणतो तेव्हा नर्स असं म्हणत नाही की याला भूक कधी दिलीच गेली नव्हती. वीसपैकी सहा गुण. दुसऱ्या वर्षी सात. तिसऱ्या वर्षी उत्तरपत्रिकेची प्रत मागवली, तिच्यावर लाल शेरा होता: उमेदवाराने स्वतःचे मत लिहू नये, मार्गदर्शिका पाहावी.

आमच्या कंपनीत मापाच्या गेजमध्ये जॉब, म्हणजे तयार पार्ट, बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. पण रिजेक्ट केलेल्या जॉबवर दोष काय तो लिहावा लागतो, ओरखडा, साइज कमी, जे असेल ते. इथे दोष म्हणून 'स्वतःचे मत' असं लिहिलं होतं. मी तो शेरा वाचून इतका वैतागलो की समितीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी मी कोण लागतो ते विचारलं. लेखनिकाचा पुतण्या, असं सांगितल्यावर त्यांनी फोन ठेवला.

चौथ्या वेळी बाई एकसष्टच्या होत्या. नवीन परवाना बासष्टच्या पुढे मिळत नाही. न्हावऱ्याचे हौसराव, तिथल्या मंडळीचा कारभार बघणारे वडील, सकाळी शिरूरला काही कामाने आले की ओट्यापाशी गाडी उभी करायचे.

"काय बाई, यंदा तरी?"

"बघू."

"आमची पोरं मोठी व्हाया लागली. मोबाईलवर कुठल्या कुठल्या लोकांची प्रवचनं बघत्यात. परवा नातू म्हणाला, आजोबा, आपल्या देवळात कुणीच कसं बोलत न्हाई?"

ते एवढंच बोलायचे. बाईंना त्या दिवशी मग जेवण जायचं नाही.

परीक्षा दौंडला होती, रेल्वेलाईनजवळच्या एका शाळेत. फेब्रुवारीतला शनिवार. आप्पांच्या मोटारसायकलवर दोघं गेले. न्हावरे, पारगावचा पूल, चौफुला, पाटस. उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकून पोहोचायला दोन तास लागले. वर्गात लेखनिक घेऊन बसलेल्या बाई एकट्याच. पर्यवेक्षक कडक होते. सांगणं आणि लिहिणं सोडून एक शब्द नको, म्हणाले. बाईंनी डोळे मिटून उत्तरं सांगितली, आप्पांनी मान खाली घालून लिहिली. पाचवा प्रश्न शेवटी घेतला. वाचून दाखवायला वेळ उरला नाही. आप्पांनी सही केली.

मे महिन्यात निकाल लागला. बाई पास झाल्या. पाचव्या प्रश्नात वीसपैकी पंधरा.

आम्ही पेढे वाटले. बाईंना मात्र ते पंधरा गुण खरे वाटेनात. मग म्हणाल्या, "तपासणारा बदलला असेल. असतो एखादा विचार करणारा." त्यांनी ते स्वतःला पटवलं. जूनमध्ये पाळकांनी, म्हणजे जॉन्सन साळवे यांनी, शिरूरच्या उपासनेत त्यांच्या हातात परवाना दिला आणि तारीख जाहीर केली, पुढच्या रविवारी न्हावऱ्यात बाईंचा पहिला संदेश. हौसरावांनी पत्र्याच्या खोलीला चुना मारला.

आदल्या दिवशी सकाळी आप्पा चहाला बाईंकडे गेले. मी पण होतो, दोन दिवसांची रजा टाकली होती. आप्पा खुशीत होते.

"बाई, एक सांगू? उद्या त्या टिकण्या-बिकण्याचं काढू नका हां. आन् काढलंच तर पेपरात जे हाय तेच बोला. न्हाईतर कुणी मिळवून बघितलं तर पंचाईत."

"पेपरात मी सांगितलं तेच आहे ना?"

आप्पांनी कप तोंडाला लावला आणि लावलेलाच ठेवला.

"आप्पा. पेपरात काय आहे?"

"गाईडातलं हाय," आप्पा म्हणाले. "अठ्ठेचाळीस आन् एकोणपन्नास पान. चार वर्सं ऐकतोय, तोंडपाठ झालंय. शिरूर-दौंडचे थांबे जसे पाठ होते तसं. तुम्ही डोळे मिटून सांगत होता, मी ते लिव्हत बसलो. पंधरा मिळाले. एकवीस वर्सांच्या पोराला बी मिळाले नसते."

बाईंनी विचारलं, "शेवटचं वाक्यसुद्धा?"

"ते न्हाई लिव्हलं तर निम्मे गुण कसे मिळणार?"

"आप्पा, तुम्ही माझ्या नावाने लिहिलंत की डेव्हिडला—" त्या थांबल्या. "तुम्ही सही केलीत खाली. मी सांगितलं तेच लिहिलं म्हणून."

"केली. एकतीस वर्सं एक ठपका न्हाई माझ्यावर, तरी केली. कुणासाठी?" आप्पांचाही आवाज चढला. "मला एक सांगा, बाई. चार वर्सं तुम्ही मला शिकवताय, कृपा कमवता येत न्हाई, फुकट मिळती, आपली लायकी नसताना मिळती. मग तुमच्या देवानं फुकट दिलं तर ती कृपा, आन् मी दिलं तर लबाडी?"

"देव दुसऱ्याच्या नावावर सही करत नाही, आप्पा."

आप्पा उठले आणि चप्पल घालायची विसरून रस्ता ओलांडून घरी आले.

बाईंनी पाळकांना फोन लावला. स्पीकर चालू होता, कारण त्यांना फोन कानाशी स्थिर धरता येत नव्हता. पाळकांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, सोडून द्या," ते म्हणाले. "समितीला कळवलंत तर दोन वर्षांची बंदी येईल. तुमचं वय निघून जाईल. न्हावऱ्याला दुसरं कोण आहे? मला महिन्यातून एक रविवार निघतो, तोही पळापळ करून. तुम्ही हीच कृपा समजा."

"साहेब, तुम्हीसुद्धा?"

"मी प्रॅक्टिकल बोलतोय."

"डेव्हिडच्या वेळी तुम्हीच प्रभुभोजन घेऊन आला होता. तुम्हाला काय वाटतं त्याच्याबद्दल?"

पाळक म्हणाले, "ते माझ्या हातात नाही, बाई. कुणाच्याच हातात नाही."

"मग समितीच्या हातात कसं आहे?"

उद्या न्हावऱ्याला जा, देव बळ देवो, असं काहीतरी म्हणून पाळकांनी फोन ठेवला. मला त्या दिवशी सगळ्यांचाच राग आला. आप्पांचा, पाळकांचा, समितीचा, आणि खरं सांगायचं तर बाईंचाही. काम झालं होतं. जॉब गेजमध्ये बसला होता. तो उचलून पुन्हा रिजेक्टच्या खोक्यात कशाला टाकायचा, असं मला वाटत होतं.

रविवारी बाई आप्पांच्या गाडीवर बसल्या नाहीत. एसटीने निघाल्या. आम्ही दोघं गाडीवर एसटीच्या मागे. ओव्हरटेक करायची आप्पांना हिंमत होईना. करड्याच्या पुढे कंडक्टरने मागच्या काचेतून आप्पांना ओळखलं आणि हात केला. आप्पांनी उलट हात केला नाही.

पत्र्याची खोली भरली होती. मागे उभं राहायलाही जागा नव्हती, आम्ही दारात थांबलो. गीत झालं, वाचन झालं. हौसराव उठून म्हणाले, आता आपल्या बाई संदेश देतील. बाई पुढे गेल्या. पुलपिट म्हणजे एक उंच लाकडी स्टँड होता, त्याच्या मागे त्या गेल्या नाहीत, बाजूला उभ्या राहिल्या. पिशवीतून परवाना काढला.

"हा माझा नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या पेपरात एक उत्तर आहे, ते मी सांगितलेलं नाही. दुसऱ्याने माझ्यावरच्या मायेपोटी लिहिलं. त्याचा दोष मी काढत नाही. पण त्या उत्तरात असं आहे की जो शेवटी टिकला नाही, त्याला देवाने टिकायची ताकद दिलीच नव्हती. डेव्हिडला तुम्ही ओळखत होता. या खोलीचे पत्रे त्याने चढवलेत. शेवटी त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी नर्स आहे, मला एवढंच माहीत आहे की दुखणं माणसाचं तोंड कुठेही वळवतं. त्याने देवाकडे पाठ केली की दुखण्याकडे, हे मी तीस वर्षं त्याच्या शेजारी झोपून सांगू शकत नाही. तर दीड पानात कुणी कसं सांगेल? मी हे लिहायला सांगितलं होतं. त्याला सहा गुण आहेत. म्हणून मी नापास आहे."

त्यांनी परवाना हौसरावांसमोरच्या टेबलावर ठेवला आणि बाकावर जाऊन बसल्या.

हौसराव उभे राहिले.

"म्हंजी बाई, आज संदेश हाय का न्हाई?"

"हाच होता."

"आन् पुढच्या रविवारी?"

बाईंनी टेबलावरच्या परवान्याकडे पाहिलं.

"तुम्ही गप बसला असता तर कुणाला कळणार होतं?" हौसराव म्हणाले. "चार वर्सं आम्ही वाट बघितली. दुसरीकडनं माणूस मागवला न्हाई, का, तर आपल्या बाई येणार हायत. तुमचं मन साफ झालं. बरं झालं. आमचं काय? आमच्या पोरांना सांगाया कोण? डेव्हिडरावावर आमची बी माया हाय. पण तो गेला, बाई. ही पोरं हायत."

बाई खाली मान घालून बसल्या. हौसराव चुकीचं बोलत नव्हते. शेवटी कुणीतरी गीत सुरू केलं आणि ते कसंबसं संपलं.

बाहेर आप्पा गाडीशी उभे होते.

"बसा," ते म्हणाले. "एसटी दोन तास न्हाई."

बाई बसल्या. मी एसटीसाठी मागे राहिलो.

सोमवारी बाईंनी समितीला पत्र पाठवलं. त्यांनी सांगितलं आणि ते मी लिहिलं, कारण आप्पांना सांगणं शक्य नव्हतं. ऑगस्टमध्ये उत्तर आलं. निकाल रद्द. उमेदवारास दोन वर्षे परीक्षेस बसता येणार नाही. लेखनिकास कायमची मनाई, व त्याच्या वर्तनाबद्दल समिती तीव्र नापसंती व्यक्त करते. बाईंना ऑक्टोबरमध्ये बासष्ट पूर्ण होत होती. आप्पांनी ते पत्र तीनदा वाचलं.

"मला काय तोटा?" ते म्हणाले. "मी काय पुन्हा कुठं परीक्षा लिव्हायला जाणार हाय?" पण 'तीव्र नापसंती' त्यांना लागली होती. तेव्हापासून कुणी एसटीतल्या नोकरीचा विषय काढला की एकतीस वर्सं एक ठपका न्हाई, हे वाक्य ते म्हणत नाहीत.

दिवाळीनंतर हौसराव पुन्हा ओट्यापाशी थांबले. यावेळी मागे त्यांची सून होती, प्रगती. सव्वीस वर्षांची. रांजणगावला कॉन्ट्रॅक्टवर असेंब्लीत काम करते, कंपनीच्या बसने जाते-येते.

"हिचा फॉर्म भरलाय," हौसराव बाईंकडे न बघता म्हणाले. "शिकवा हिला. तुम्हाला बोलायला बंदी हाय, शिकवायला न्हाई."

बाईंनी गाईड काढलं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी प्रगती न्हावऱ्याहून येते. हुशार आहे, प्रश्न फार विचारते. पहिले चार प्रश्न दोन महिन्यांत झाले. मग पाचवा आला. त्या दिवशी मी समोरच होतो. आप्पाही त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, ऐकत नसल्यासारखे.

बाईंनी दोन्ही बाजू सांगितल्या, साधूंचंही सांगितलं. प्रगतीने लिहून घेतलं. मग पेन थांबवून म्हणाली, "बाई, पास व्हायचं आसंल तर काय लिहू, आन् खरं काय, ते दोन्ही सांगा. मला गोंधळ नको."

बाईंनी आधी पास व्हायचं उत्तर सांगितलं. पहिल्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, एक शब्द न गाळता. प्रगतीने ते जसंच्या तसं उतरवलं. समोर आप्पांनी मान फिरवली.

"आता दुसरं," प्रगती म्हणाली.

"वही मीट आधी."

"लिव्हल्याबिगर माझ्या ध्यानात राहत न्हाई, बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला.

"मग मागच्या पानावर लिही," त्या म्हणाल्या. "आणि परीक्षेला जाताना ही वही घरी ठेव."